पंचवटीतला उपदेशक वर्ग

महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात दोन प्रकारचे वर्ग येतात. एक तो घेतो. दुसऱ्यात त्याला बसवले जाते. या दुसऱ्या वर्गांना आमच्या व्यवहारात 'ओरिएंटेशन' आणि 'रिफ्रेशर' म्हणतात. परिपत्रकांच्या मराठीत ते उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग होतात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली, आणि आता त्यांच्यावर मालवीय मिशनची पाटी आहे. पाट्या बदलत गेल्या तरी आत शिरल्यावर दिसणारे दृश्य फारसे बदलले नाही. साधनव्यक्ती येतात, बोलतात, चहा होतो, शेवटच्या दिवशी बहुपर्यायी चाचणी होते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले होते ते प्रमाणपत्र हाती पडते. वेतनश्रेणीच्या फायलीत ते नीट लावले की अध्यापकाचा 'व्यावसायिक विकास' झाला असे समजण्याची प्रथा आहे. करोनाच्या काळापासून तर हे वर्ग पडद्यावर भरू लागले. आमच्यापैकी एकाने अशाच एका वर्गात 'अध्यापनातील नवोपक्रम' हे सबंध सत्र कॅमेरा बंद ठेवून, मेथीची जुडी निवडत ऐकले, आणि चाचणीत उत्तम गुण मिळवले. हे अभिमानाने सांगत नाही. पण लपवण्यातही अर्थ नाही.

अशा एका वर्गाची सांगता झाली त्याच आठवड्यात आम्ही काही विद्यार्थ्यांसह पंचवटीत, इंद्रकुंडावरच्या पंडित पलुस्कर सभागृहात एका कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृहाच्या नावाकडे पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे पलुस्कर म्हणजे ते गंधर्वच्या परीक्षांचे का?" ती स्वतः 'प्रवेशिका पूर्ण' झालेली. परीक्षेच्या तोंडी भागात विष्णु दिगंबरांची जन्मतारीख तिला विचारली गेली होती आणि तिने ती बरोबर सांगितली होती. पण हा माणूस आपल्या आयुष्याची शेवटची काही वर्षे याच पंचवटीत, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मूठभर शिष्यांना घेऊन राहिला होता हे तिला ठाऊक नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हांलाही त्याचा अर्थ नीटसा ठाऊक नव्हता. तो लावण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

प्रश्न संगीताचा आहे तसा धंदेशिक्षणाचाही आहे. एखादा व्यवसाय माणूस शिकतो कसा? आणि शिकवणारा कसा घडतो?

नाशकात या प्रश्नाची जुनी उत्तरे अजूनही डोळ्यांनी पाहता येतात. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या हाती यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. कोणत्या गावचे कोणते घराणे कोणाकडे, कोणत्या वहीत कोणती शाखा शोधायची, आजोबांचे नाव सांगताच पणजोबांपर्यंत कसे पोचायचे, हे कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. मुलगा बापाशेजारी बसतो आणि पाहता पाहता तयार होतो. तांबट आळीतल्या ठोक्याचेही तेच. पातेल्याच्या कडेवर हातोडी किती जोरात पडली पाहिजे हे सांगता येत नाही. ते ऐकू यावे लागते. या पद्धतीचे गुण उघड आहेत. काम आणि शिक्षण यांत भिंत नसते, चूक तिथल्या तिथे सापडते, आणि शिकणाऱ्याला आपण 'प्रशिक्षण' घेत आहोत हे जाणवतही नाही. दोषही तितकाच उघड आहे. शेजारी बसण्याचा हक्क जन्माने मिळतो. ज्याचा बाप तांबट वा उपाध्ये नाही त्याला त्या पाटावर जागा नसते.

हिंदुस्थानी संगीताचा धंदा एकोणिसाव्या शतकात याच रीतीने चालत होता. मात्र तिथे रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसालाही एक वाट होती, सेवेची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) या वाटेने गेले. महाराष्ट्रातून बाहेर पडून त्यांनी धारला देवजीबुवा परांजप्यांची आणि मग ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांची तालीम मिळवली, आणि ग्वाल्हेरचा ख्याल दक्षिणेत आणला. त्या काळच्या गायकांच्या चरित्रांत पाणी भरणे, बाजारहाट, पाय चेपणे, आणि गुरूची मर्जी फिरेल त्या दिवशी मिळणारी तालीम हे प्रसंग इतक्या नेमाने येतात की तो एक वाङ्मयीन संकेतच वाटावा. पण तो संकेत नव्हता. तालीम केव्हा मिळेल, किती मिळेल, कोणती चीज झाकून ठेवली जाईल, याला नियम नव्हता. विद्या ही गुरूची मिळकत होती आणि मिळकतीसारखीच ती जपली जात होती.

कुरुंदवाडच्या दिगंबर गोपाळ पलुस्कर या कीर्तनकारांचा मुलगा विष्णु (जन्म १८ ऑगस्ट १८७२) मिरजेत बाळकृष्णबुवांकडे पोचला तो एका अपघातामुळे. लहानपणी शोभेच्या दारूने त्याचे डोळे अधू झाले. शाळेचा रस्ता बंद झाला आणि गाण्याचा उघडला. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय मिळाल्याने त्याला माधुकरीची किंवा पाणी भरण्याची झळ इतरांइतकी लागली नाही. तो मन लावून शिकला. पण १८९६ साली त्याने मिरज सोडली. त्यामागे एक आठवण सांगितली जाते. गावात काही समारंभ होता. राजाश्रय असलेल्या विष्णूला आमंत्रण आले, त्याच्या गुरूला आले नाही. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले ते साधारण असे की, बुवा काय, गवई माणूस. ही आठवण अक्षरशः घडली असेल किंवा पुढच्या कार्याला साजेशी कोरली गेली असेल. चरित्रे अशा प्रसंगांवर जगतात. पण तिच्यातली वस्तुस्थिती खोटी नाही. ज्याचे गाणे ऐकायला लोक रात्र जागवत त्याला चारचौघांत बसवायला ते तयार नव्हते.

यानंतरची भ्रमंती, म्हणजे बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब, ही इथे विस्ताराने सांगत नाही. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली, एवढे मात्र सांगावे लागते. कारण दरबाराऐवजी तिकीट काढणाऱ्या श्रोत्यांवर गवयाने जगावे ही कल्पना पुढच्या संस्थेच्या मुळाशी आहे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मराठी माणसाने आपली शाळा थेट लाहोरला काढावी याचे आज नवल वाटते. पण त्या शहरात आर्य समाजाच्या चळवळीने आणि डी.ए.व्ही. कॉलेजाने लोकवर्गणीतून शिक्षणसंस्था चालवण्याची हवा तयार केली होती. विष्णु दिगंबरांना राजा नको होता, वर्गणीदार हवे होते. ते तिथे होते.

या विद्यालयाचे जे वर्णन नेहमी केले जाते ते आपल्या परिचयाचे आहे: ठरलेले वेळापत्रक, श्रेणीबद्ध अभ्यासक्रम, एका वेळी अनेकांना शिकवणे, स्त्रियांना संगीत शिकवण्याची सोय, छापील पाठ्यपुस्तके, परीक्षा, पदवी. स्वतःची स्वरलिपी त्यांनी तयार केली. 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशी क्रमिक पुस्तके निघाली, 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक निघाले, आणि हे सारे छापायला स्वतःचा छापखाना आला. पखवाज-तबल्याचे अध्यापक गुरुदेव पटवर्धन यांचे वादनपद्धतीवरील पुस्तक १९०३ सालीच बाहेर पडले होते. उस्तादाच्या बोटांत आणि घरात राहणारी विद्या संस्था सुरू झाल्यापासून दोन वर्षांत छापील पानावर आली, हा वेग ध्यानात घेण्यासारखा आहे. मराठी मुद्रणसंस्कृतीच्या इतिहासात आपण बाळबोध, व्याकरणे, नियतकालिके यांची चर्चा करतो. या स्वरलिपीच्या पुस्तकांचा विचार मात्र क्वचितच होतो.

तरीही आमच्या मते यातली खरी कल्पकता वेगळ्याच ठिकाणी आहे. वेळापत्रक आणि परीक्षा इंग्रजी राज्यातल्या प्रत्येक शाळेत होत्याच. सरकार त्या काळात धंदेशिक्षणाच्या संस्था काढतच होते. मास्तरांसाठी नॉर्मल स्कुले केव्हाच निघाली होती, आणि पोलिसांची प्रशिक्षणशाळा १९०९ मध्ये आमच्या नाशकातच आली. विष्णु दिगंबरांनी या नमुन्याची संगीतात नक्कल केली असती तर ते एक उत्साही संस्थाचालक ठरले असते, त्याहून अधिक नाही. त्यांनी त्याला एक जोड दिली: 'उपदेशक वर्ग'.

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी होते. फी भरून, दिवसातला तास-दोन तास येणारे एक. हे पुढे गवई होतील अशी अपेक्षाच नव्हती. चांगले श्रोते झाले तरी पुरे. तानसेन घडवता आले नाहीत तरी कानसेन घडवीन, हा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा विचार या वर्गाला उद्देशून आहे. दुसरे ते उपदेशक वर्गाचे. हे बहुधा गरीब घरचे मुलगे. त्यांच्या पालकांशी ठरावीक वर्षांचा करार होई. राहणे, जेवण, शिक्षण विद्यालयाकडे. मोबदल्यात या मुलांनी विद्यालय सोडून जायचे नाही, आणि पुढे संगीताचा शिक्षक म्हणून उभे राहायचे. पहाटेपासून त्यांची मेहनत चाले, गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन ते मैफलीला बसत, आणि तयारी होईल तसे खालच्या वर्गांना शिकवतही. म्हणजे शिकणे, गाणे आणि शिकवणे ही तीन कामे एकाच दिवसात, एकाच छपराखाली होत. छापखाना तिथेच होता, वाद्यांची दुरुस्ती तिथेच. संगीताच्या धंद्याला जे जे लागते ते सारे मुलाच्या डोळ्यांसमोर चाले.

'उपदेशक' हा शब्द पाहण्यासारखा आहे. आपल्या मराठीत उपदेश करणारा माणूस जरा टाळावासाच वाटतो. पण लाहोरच्या वातावरणात उपदेशक म्हणजे आर्य समाजाचा गावोगाव फिरणारा प्रचारक. विष्णु दिगंबरांनी शिक्षक, अध्यापक, मास्तर हे शब्द सोडून हा उचलला, यावरून त्यांच्या मनातला संगीतशिक्षक कसा होता हे कळते: व्रतस्थ, व्यसनांपासून दूर, स्वच्छ कपड्यातला, बिऱ्हाड पाठीवर घेऊन नव्या गावी शाळा काढणारा. मिरजेच्या त्या आमंत्रणाची जखम या शब्दात भरून निघते. या शब्दामुळेच त्याची किंमतही कळते, पण तिच्याकडे पुढे वळू.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिने दोन जगांतला एकेक धागा घेतला. गुरुगृही राहून, सतत कानावर पडून शिकणे हा घराण्याचा धागा. आणि करार, क्रम, मुदत, नोकरीची शाश्वती हा संस्थेचा. मर्जीच्या जागी करार आला. पण करारामुळे सहवास गेला नाही. आजच्या भाषेत ज्याला कामाच्या ठिकाणी होणारे शिक्षण म्हणतात आणि ज्याच्यासाठी व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बरीच पाने खर्च होतात, ते इथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका अधू डोळ्यांच्या गवयाने रचले होते.

ते फळाला आले की नाही हे नावांवरून पाहावे. विनायकराव पटवर्धन १९०७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, मिरजेहून लाहोरला गेले. ओंकारनाथ ठाकूर मुंबईच्या शाखेत शिकले आणि १९१६ मध्ये, विशीही गाठली नसताना, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य म्हणून पाठवले गेले. आजच्या नियमांत त्यांना साधे तासिका तत्त्वावरसुद्धा घेता आले नसते. नारायणराव आणि शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये ही नावे याच परंपरेतली. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा विष्णु दिगंबरांनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. 'आश्रम भजनावली'चे संपादन त्यांचेच. यांतल्या प्रत्येकाचे गाणे वेगळे, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. ओंकारनाथांचा नाट्यमय आविष्कार आणि विनायकरावांची शिस्त एका गुरूची वाटू नये इतकी निराळी. देवधर तर पुढे सगळ्या घराण्यांच्या दारांत जाऊन चिजा गोळा करत राहिले, आणि त्यांच्या हाताखाली कुमार गंधर्व तयार झाले. साच्यातून काढलेली माणसे अशी असत नाहीत.

इथे भातखंड्यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) पेशाने वकील, वृत्तीने संशोधक. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, 'क्रमिक पुस्तक मालिका', १९२६ चे लखनौचे मॅरिस कॉलेज हा त्यांचा मार्ग. दोघांच्या स्वरलिप्यांत भातखंड्यांची सोपी, म्हणून तीच टिकली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एक गमतीची गोष्ट लक्षात घ्यावी. संगीतविद्या गुरूच्या तोंडातून काढून ग्रंथात ठेवू पाहणाऱ्या भातखंड्यांनी आपला मराठी ग्रंथ 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' लिहिला तो गुरुशिष्यसंवादाच्या रूपात. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, विषयांतर होते, पुन्हा मूळ धागा सापडतो. ग्रंथकाराचा सिद्धांत काहीही असो, शिकणे म्हटले की समोर माणूस बसलेला असतो ही सवय त्यांच्या गद्याने सोडली नाही.

विष्णु दिगंबर त्या मानाने ग्रंथकार नव्हते, विद्वान तर नव्हतेच. आणि हिशेबात कच्चे होते. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, ती बघता बघता मुख्य केंद्र झाली. स्वतःची इमारत हवी म्हणून कर्ज काढले गेले. ते फेडण्यासाठी मैफली, दौरे, वर्गण्या. वाढत्या कर्जाबरोबर गुरुजींचा बाहेरचा काळ वाढला आणि विद्यालयातला कमी झाला. ज्या सहवासावर उपदेशक वर्ग उभा होता तोच इमारतीने खाल्ला, असे म्हटले तर ते कठोर होईल पण चूक होणार नाही. १९२४ च्या सुमारास इमारत सावकारांच्या हाती गेली, आणि मुंबईचे विद्यालय बंद झाले.

त्यानंतरचे नाशिक. चरित्रकार या पर्वाकडे साधारणतः विरक्तीची कथा म्हणून पाहतात. भगवी वस्त्रे, रामनामाचा ध्यास, रामायणावरची प्रवचने, पंचवटीत 'रामनाम आधार आश्रम'. हे सारे खरेच आहे. संगीत आता भक्तीचे साधन झाले होते आणि गायक कीर्तनकाराच्या मुलाकडे परतला होता. त्यातून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की आधुनिक संस्थेचा प्रयोग फसला, आणि प्रवर्तक स्वतःच गुरुकुलाकडे मागे फिरला. देवस्थानाच्या गावात बसून आम्हांलाही हा निष्कर्ष बराच काळ पटत होता. पंचवटी ही वनवासाचीच जागा, रूपक आयते हाती येते.

पण मुंबई बंद पडल्यावर पंचवटीत काय उरले याची यादी केली तर ती निराळी दिसते. इमारत गेली, फी भरणारे विद्यार्थी गेले, परीक्षा गेल्या, पदवीदान समारंभ गेले. राहिले ते काही निवडक मुलगे; गुरूबरोबर राहणारे, जेवणारे, पहाटे उठून मेहनत करणारे, प्रवचनाला मागे बसून साथ करणारे. म्हणजे उपदेशक वर्गच. कर्जाने जे जे जप्त करण्यासारखे होते ते नेले, आणि उरलेले गोदाकाठी आले. याला माघार म्हणावे का? आमच्या मते पंचवटीत विष्णु दिगंबरांनी काही सोडले नाही; संस्थेच्या आत मुळात काय होते ते मात्र तिथे उघडे पडले.

आता किमतीकडे. उपदेशक या शब्दात जी शुचिता होती ती कोणाला तरी वगळूनच आली होती. ज्यांच्याकडून ही विद्या आली त्या उस्तादांना 'अशिक्षित, व्यसनी, विद्या लपवणारे' असे एका ओळीत निकालात काढण्याची सवय या सुधारणेने मराठी मध्यमवर्गाला लावली. ग्वाल्हेरची गायकी हद्दू-हस्सू खाँची, हे चरित्राच्या पहिल्या पानावर येते आणि मग विसरले जाते. तवायफ आणि नायकिणी, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-ख्याल जपला, त्यांना तर या नव्या सभ्य वर्गात शिक्षिका म्हणून जागाच नव्हती. शिकणाऱ्या स्त्रिया आल्या. शिकवू शकणाऱ्या बाहेर राहिल्या. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुस्कर-भातखंडे यांची जी चिकित्सा केली तिचा रोख या दिशेचा आहे. तिची मांडणी काही ठिकाणी आम्हांला एकांगी वाटते, कारण विद्यालय काढण्याची कल्पना एकट्या ब्राह्मण सुधारकांची नव्हती: अब्दुल करीम खाँनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले, भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला. तरीही तिचा मुख्य मुद्दा झटकून टाकता येत नाही.

आणि पंचवटीत बसून तर तो मुळीच झटकता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही त्या बंद दारांसमोर उभे होते. रामनामाला आधार मानणारा आश्रम त्याच पंचवटीत होता. जन्माच्या पाटावरून विद्या खाली आणून वर्गात ठेवण्याचे काम ज्या पिढीने केले तिच्याच काळात, तिच्याच गावात, रामापर्यंत जाण्याचा हक्क जन्मानेच ठरत होता. करार करून उपदेशक वर्गात येणाऱ्या मुलांची आडनावे वाचत गेलो तर तिथेही वर्तुळ फारसे मोठे नाही. सर्वांसाठी विद्या या घोषणेतले 'सर्व' कोण, हे ज्या त्या काळाने गृहीत धरलेले असते. आमच्या काळानेही धरले असणार.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही आज देशभर पसरलेली परीक्षांची शिडी या मंडळाची. तिचे ऋण मोठे आहे. तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी आज तंबोऱ्यावर षड्ज लावते, ती या शिडीमुळे. मात्र मंडळाने विष्णु दिगंबरांच्या दोन वर्गांपैकी पहिला, फी भरून तासभर येणाऱ्यांचा, व्यवस्थित चालवला. दुसरा सर्वत्र चालवणे कोणत्याही मंडळाला शक्य नव्हते. सहवासाची परीक्षा घेता येत नाही आणि ज्याची परीक्षा घेता येत नाही त्याचे केंद्र काढता येत नाही. त्यामुळे शिक्षक तयार करण्याची जबाबदारी हळूहळू कानसेनांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमावर आली. विशारद झालेली व्यक्ती विशारदच्या परीक्षेला मुलांना बसवते, तीही विशारद होऊन क्लास काढतात. यात कोणाचा दोष नाही, पण विष्णु दिगंबरांच्या योजनेत हे दोन रस्ते एकत्र येत नव्हते.

आमच्या पेशातही तेच घडले, हे सांगायला आम्ही एवढा वळसा घेतला असे वाचकांना वाटेल. ते काही अंशी खरे आहे. आम्ही मराठी शिकवायला कसे शिकलो? एम.ए.च्या वर्गात नाही, नेट-सेटच्या तयारीतही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्या तासाला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी दिली होती. कविता शिकवताना ते मध्येच थांबत, खिडकीबाहेर पाहत, आणि वर्ग आपणहून बोलू लागे. ते थांबणे किती वेळाचे हे आम्ही कित्येक महिने मोजत होतो. आमच्यापैकी एकजण त्यांच्या मागे मागे ग्रंथालयात, चहाला, उत्तरपत्रिका तपासायला जात असे. तपासताना ते गुण देण्याआधी उत्तर मोठ्याने वाचत, आणि विद्यार्थ्याचे वाक्य कुठे अडखळले ते आम्हांला ऐकू येई. या सगळ्याचे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे ते कोणत्याही फायलीत लागलेले नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस आला नाही. तासिका तत्त्वावरचा आला. तो दोन महाविद्यालयांत शिकवतो, तास संपताच मोटारसायकलला किक मारतो. त्याला कोणाच्या मागच्या बाकावर बसायला सवड नाही, आणि त्याच्या मागे बसायला येणाराही कोणी नाही. उजळणी वर्गाचे आमंत्रण मात्र त्यालाही येते.

विष्णु दिगंबरांना बारा अपत्ये झाली, त्यांतले एकच जगले. दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, १९२१ साली जन्मला आणि पंचवटीच्या आश्रमात वाढला. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वडिलांकडून त्याला मिळालेली तालीम ती केवढी असणार. जुन्या घराण्याच्या हिशेबाने त्याचा वारसा तिथेच संपला असता. तसे झाले नाही, कारण वडिलांनी विद्या मुलासाठी राखून ठेवली नव्हती. ती आधीच वाटलेली होती. चुलतभाऊ चिंतामणराव, नारायणराव व्यास आणि मुख्यत्वे विनायकराव पटवर्धन यांनी ती त्याला परत केली. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले होते; पंचवटीतून निघालेला मुलगा त्यांच्याकडे शिकला. १९३५ साली जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे गायला बसला. त्याला तिथवर आणणारे विनायकराव हे नवव्या वर्षी लाहोरला पोचवले गेलेले, उपदेशक वर्गाचेच विद्यार्थी.